नियमात नसलेला दीर

सकाळचा भोंगा होईपर्यंत मोठ्याई बोलत नसत, आणि घरातल्या प्रत्येकाला जे काही बोलायचं असे ते नेमकं तेव्हाच.

व्रत साधं होतं. उठल्यापासून गोदीचा पहिला भोंगा वाजेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. नवरा गेला त्या वर्षी त्यांनी ते धरलं आणि पुढे थोरला मुलगा गेला तेव्हाही मोडलं नाही. देवाशी बोलायला तोंड लागत नाही, असं त्या म्हणत. अर्थात भोंगा झाल्यावर. घरच्यांना मात्र त्या मौनाचा निराळाच उपयोग सापडला होता. जी उलट उत्तर देऊ शकत नाही, तिच्यापाशी मन मोकळं करण्यासारखं सुख नाही. रात्री ताटावरून चिडून उठलेला माणूस सकाळी हळूच येऊन त्यांच्यासमोर बसे, आणि रात्री जे बोलला त्याच्या बरोबर उलटं सांगून जाई.

त्या दिवशी त्या घरच्या होडीदुरुस्तीच्या यार्डावरच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवरच्या परातीत वाटाण्याच्या शेंगा होत्या. खाली उतारावर एक लांबोडकी होडी पाण्यातून ओढून घेतलेली, अंगावरचं शेवाळ खरवडून घेत निमूट उभी होती. उतार म्हणजे पाण्यात शिरत गेलेली दगडी घसरगुंडीच, पण सगळं यार्ड त्या उतारावर जगत होतं. उतार नसेल तर होडी वर येणार नाही, आणि होडी वर आली नाही तर सुतार, रंगारी, लोहार सगळे हात बांधून बसणार. जमीन मात्र बंदराची. सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेला करार आता संपत होता आणि शीतगृहवाल्या एका कंपनीनं तीच जागा मागितली होती. करार वाढवायचा की जागा कंपनीला द्यायची, हे आज दुपारी बंदर मंडळाच्या बैठकीत ठरायचं होतं.

आणि मंडळाच्या सात खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर मोठ्याईंची थोरली सून बसत होती.

धाकटा मुलगा आता यार्ड चालवत होता. त्यानं मतं मोजून ठेवली होती. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, उरले सहा. तिघं कंपनीच्या बाजूचे, दोघं यार्डाच्या. थोरली यार्डाकडे आली की तीन-तीन, आणि मग अध्यक्षांचं निर्णायक मत. अध्यक्ष म्हणजे निवृत्त जहाजमास्तर; समसमान मतं पडली की ते डोळे मिटून 'जैसे थे' म्हणतात, हे साऱ्या गोदीला ठाऊक होतं. त्यांचं नावच जैसेथेसाहेब पडलं होतं. म्हणजे थोरली बैठकीत बसली तर यार्ड राहणार. ती उठली तर दोन विरुद्ध तीन.

तिनं बसावं की उठावं, यावरून काल रात्री ताटं तशीच राहिली होती.

आधी आली धाकटी सून. रात्री हिनंच टोमणा मारला होता की, मोठ्या खुर्चीत बसलं की पाय जमिनीला लागत नाहीत. सकाळी मात्र पदराला हात पुसत सासूसमोर उकिडवी बसली आणि एक शेंग उचलून नुसतीच फिरवत राहिली. म्हणाली की यार्ड गेलं तर खालच्या एवढ्या माणसांना काय तोंड दाखवायचं. मग म्हणाली, "आई, ते त्या दिवशी जाऊबाईंना तसं बोलले ना, तेव्हा मी इथंच होते. भांडी पुसत होते. पुसतच राहिले."

मोठ्याईंनी तिच्या हातातली शेंग काढून घेतली आणि सोलली.

'त्या दिवशी' म्हणजे थोरला गेल्यानंतरच्या दिवसांत. थोरल्यानं स्वतःच्या हातानं बांधलेली एक लहान होडी उताराच्या कडेला पालथी पडून होती. धाकट्यानं ती कुणाला न विचारता विकली. थोरलीनं विचारलं, नुसतं विचारलं, की मला सांगायचं तरी. त्यावर धाकटा याच स्वयंपाकघरात म्हणाला होता, "दादा होता तोवर नातं होतं. आता तुम्ही तुमच्या आणि आम्ही आमचे." लहानपणापासून तो तिला 'वहिनी, तू' म्हणत आला होता, लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जात होता, तिच्याकडून गणितं सोडवून घ्यायचा. त्या दिवशी 'तू'चं 'तुम्ही' झालं आणि वहिनीची मेट्रनबाई. बंदराच्या दवाखान्यात ती मेट्रन होती. महिनाभरातच दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. पण रोज सकाळी सासूचं बीपी बघायला येणं तिनं सोडलं नाही. गोदी कामगारांनी तिला मंडळावर आपली सदस्य म्हणून पाठवलं, ते त्याच वर्षी.

दुसरी आली लेक. ही वकील. बोलण्यात कायद्याचं कलम आल्याशिवाय वाक्य संपत नसे म्हणून घरात तिचं नावच कलम पडलेलं. रात्री ती भावाच्या बाजूनं तावातावानं भांडली होती. आता मंडळाची नियमावली घेऊन आली आणि आईच्या शेजारी भिंतीला टेकून तिनं सावकाश वाचून दाखवलं. ज्या विषयात सदस्याचा किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाचा हितसंबंध असेल, त्या विषयाच्या वेळी सदस्यानं तसं सांगून बाहेर जावं. जवळचा नातेवाईक म्हणजे पती, पत्नी, आईवडील, मुलं, भावंडं.

"यात दीर नाही, आई," कलम म्हणाली. "नियम ज्यानं लिहिला त्याच्या भाषेत दीर हा शब्दच नसावा. पण पुढं आणखी एक ओळ आहे. 'आणि सदस्य ज्या व्यक्तीला तितकंच जवळचं मानतो, अशी कोणतीही व्यक्ती.' सगळं घोडं अडलंय ते या 'मानतो'वर. मानत नाही म्हणाली की आत. मानते म्हणाली की बाहेर. पुराव्याची गरज नाही, साक्षीदार नको. तिचा शब्द शेवटचा."

नियमावली मिटून ती जरा वेळ खाली होडीकडे बघत राहिली. मग वकिलीचा आवाज खाली ठेवून म्हणाली की, रात्री मी तिला म्हटलं, कायद्यानं तुला बसता येतं. ते खरंच आहे. पण ते म्हणताना आपण आपल्याच माणसाला परकं ठरवायची युक्ती शिकवतोय, असं वाटून मला झोप लागली नाही.

धाकटा आला तो बसला नाही. दारातच उभा राहिला, एक हात चौकटीवर. बाप तसाच उभा राहायचा. म्हणाला की तू सांग तिला, तुझं ती ऐकते. बंदर वाढतंय, शीतगृह आलं तर कुणाचं वाईट होणार नाही, ते मलाही कळतं. पण उतार गेला तर लहान होड्यांनी जायचं कुठं? समोरच्या बंदरात? मग हातानं हवेत काहीतरी पुसल्यासारखं करत म्हणाला, "एक वाक्य तर आहे, आई. कागदावरचं वाक्य. दीर माझे कुणी लागत नाहीत, एवढंच. असं म्हटल्यानं नातं थोडंच तुटतं?"

मोठ्याईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, ताप आलेल्या मुलाकडे बघावं तसं. धाकट्याला आपलंच बोलणं ऐकू आलं असावं. चौकटीवरचा हात खाली आला आणि तो जिना उतरून गेला. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या मनात म्हणाल्या, आणि चावलं तरी दोष कुणाला द्यायचा?

थोरली सगळ्यांत शेवटी आली. नेहमीसारखी पिशवी टेबलावर ठेवली, बीपीचा पट्टा सासूच्या दंडाला गुंडाळला, फुगा दाबला, काट्याकडे बघत राहिली. थोडं वर आहे म्हणाली, मग स्वतःच हसली, की आज या घरात कुणाचं खाली असेल. पट्टा सोडून ती समोर बसली आणि शेंगा सोलायला लागली. दोघींच्या हातांचा तेवढा आवाज होत राहिला.

"खुर्चीवर बसले तेव्हा शपथ घ्यावी लागली," ती म्हणाली. "कामगारांनी पाठवलं तरी कामगारांचं नाही, सगळ्या बंदराचं बघायचं. तेव्हा सोपं वाटलं. दवाखान्यात तरी वेगळं काय करतो, आलेल्या रोग्याला विचारतो का, की कुणाकडून आलास?" तिनं चष्मा काढून डोळ्यांना बोटं लावली. "आज मात्र शपथेचं नाही अडत, आई. सगळ्यांना वाटतंय मी खरंखोटं तोलतेय. मला खरं काय तेच माहीत नाही. भाऊजींनी त्यांच्या बाजूनं सांगून टाकलं, नातं संपलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. दोन वर्षं झाली. आज भर सभेत द्यायचं. मी काय म्हणू?"

मोठ्याईंच्या ओठांपर्यंत सगळं आलं. थोरलीनं परात उचलली, सोललेले वाटाणे भांड्यात ओतले, पिशवी घेतली आणि पायांना हात लावून निघून गेली. तिची पावलं जिन्यावर वाजत असतानाच भोंगा झाला.

मौन सुटलं, पण ज्याला सांगायचं ते माणूस समोर नव्हतं. तिनं मुद्दामच भोंग्याआधी विचारलं, हे मोठ्याईंना तेव्हा उमगलं. सासूवर उत्तराचा भार नको म्हणून.

*

बंदर मंडळाचं सभागृह कचेरीच्या पहिल्या मजल्यावर होतं. लांब टेबल, सात खुर्च्या, भिंतीवर बंदराचा नकाशा. त्यात पाणी निळं आणि जमीन पिवळी. कठड्याच्या अलीकडे लोकांसाठी बाकं. बैठक कुणालाही बसून ऐकता येत असे, फक्त मधे बोलायचं नाही. मोठ्याईंना ते सवयीचंच होतं.

त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. डावीकडे कलम, उजवीकडे धाकटी, तिच्यापलीकडे धाकटा. त्याच्या मांडीवर कागदांची गुंडाळी होती. ती तो सारखी घट्ट करत होता. थोरली टेबलापाशी खिडकीच्या अंगाला बसली होती, पाठ ताठ, पांढऱ्या साडीचा पदर खांद्यावर पिन लावून टाचलेला. तिनं इकडे पाहिलं नाही.

चिटणीस सर्दीनं बेजार झालेला किडकिडीत माणूस होता. त्यानं सातही खुर्च्या डोळ्यांनी मोजल्या आणि गणपूर्ती झाल्याचं सांगितलं. मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं. कोण काय म्हणालं, काय ठरलं, आणि सगळ्यांनी ते बरोबर असल्याच्या माना डोलवल्या. मोठ्याईंना याचं फार नवल वाटलं. घरात असं असतं तर. जेवायला बसण्याआधी मागच्या वेळी कोण काय बोललं ते वाचून दाखवायचं आणि सगळ्यांनी हो म्हणायचं. आमच्या घरचं इतिवृत्त प्रत्येकाच्या पोटात, आणि प्रत्येकाचं निराळं.

प्रत्येक विषयाआधी जैसेथेसाहेब तेच विचारत, त्याच आवाजात, पावसापाण्याची चौकशी करावी तसं: या विषयात कुणाचा हितसंबंध आहे का? दुसरा विषय बंदराच्या लाँचना डिझेल घेण्याचा होता. एक जाडजूड व्यापारी सदस्य उठला, माझा मुलगा पुरवठादार आहे म्हणाला, आणि दार ओढून बाहेर गेला. आत चर्चा झाली, ठराव झाला. शिपाई त्याला बोलवायला गेला. तो येऊन खुर्चीत बसला तसा चिटणीस शिंक आवरत म्हणाला, "सदस्य परत आले, अशी नोंद घेतली." कुणाला त्यात काही वाटलं नाही. मुलाचं नाव घेऊन माणूस उठतो, बाहेर बसतो, परत येतो. किती सोपं, मोठ्याई मनात म्हणाल्या. मुलगा यादीत होता ना.

हितसंबंध. त्यांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवला. हित आणि संबंध. आमच्याकडे संबंध पुष्कळ होते, हिताचं कधी कुणी विचारलं नाही.

मग जुन्या उताराचा विषय आला. धाकट्यानं गुंडाळी घट्ट धरली.

"या विषयात कुणाचा हितसंबंध?"

टेबलापाशी कागद सरकल्याचा आवाज झाला. कंपनीच्या बाजूचे तिघं थोरलीकडे बघत नव्हते, आणि न बघणंही किती उघड असतं. ती तिघं वाईट माणसं नव्हती. एकीची शाळा होती, तिला शीतगृहातल्या नोकऱ्या दिसत होत्या. दुसरा म्हातारा, नगरपालिकेनं पाठवलेला, बंदराचं उत्पन्न वाढावं म्हणून वर्षानुवर्षं तळमळणारा. तिसरा तो व्यापारी.

थोरली उठली.

"अर्जदार माझे नातेवाईक आहेत," ती म्हणाली.

"नातं?" चिटणिसानं लेखणी उचलली.

"दीर."

चिटणिसानं नियमावलीचं पान उलटलं, बोट खाली फिरवलं, पुन्हा वर आणलं. म्हणाला की यादीत दीर दिसत नाही.

जैसेथेसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. माणूस थंड, पण मनानं मऊ. गोदीत कुणाच्या घरी काय झालंय हे त्यांना माहीत असे. त्यांनी आवाज खाली आणला, जसं काही टेबलापाशी फक्त तीच होती. म्हणाले की यजमान जाऊन दोन वर्षं झाली, आपलं राहणं वेगळं, व्यवहार वेगळा. यादीत हे नातं नाही. पुढची ओळ आहे, पण ती आपल्यावर आहे.

"मेट्रनबाई, आपण मानत नसाल तर आपल्याला खुशाल बसता येईल. कुणी हरकत घेणार नाही."

म्हणजे त्यांनी दार उघडून धरलं होतं. फक्त 'नाही' म्हणायचं. तेवढंही नाही, गप्प बसायचं. धाकट्याचा श्वास मोठ्याईंना बाकावर ऐकू येत होता. त्यांना स्वतःचंही नवल वाटलं, कारण त्या क्षणी त्यांना उतार आठवला नाही, यार्ड आठवलं नाही. पाटीवर गणित घेऊन थोरलीच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरणारा शाळकरी धाकटा आठवला, आणि हात पिठाचे म्हणून कोपरानं त्याचं उत्तर पुसणारी ती.

थोरलीनं चष्मा काढून हातात धरला.

"मानते," ती म्हणाली.

चिटणीस म्हणाला की मग 'जवळचे नातेवाईक' एवढंच लिहितो, नियमाला तेवढं पुरतं.

"नको. दीर लिहा."

"तो शब्द नियमात नाही, बाई."

"आमच्या घरात आहे."

टेबलाच्या टोकाला कुणीतरी हलकं हसलं, पण ते हसू कुचकं नव्हतं. लेखणी कागदावर चालली. जैसेथेसाहेबांनी ठरलेलं वाक्य म्हटलं, की संबंधितांनी विषय संपेपर्यंत सभागृहाबाहेर थांबावं. थोरली कागद जागेवर ठेवून दाराकडे निघाली.

आणि मोठ्याई उठल्या.

कलमनं पदर ओढला, कुजबुजली की आई, आपल्याला नाही, हे फक्त सदस्यांना आहे, लोक बसू शकतात. मोठ्याईंना ते पटलंच नाही. संबंधितांनी, असं सगळ्यांदेखत सांगितलं ना? जैसेथेसाहेबांनीही हातानं बसा-बसा केलं, म्हणाले की आजी, तुम्हाला जायचं कारण नाही.

"तिचा दीर असला तर माझा मुलगाच असणार ना," मोठ्याई म्हणाल्या, आणि कठड्याचा आधार घेत बाकांमधून बाहेर पडल्या. नियमच आहे म्हटल्यावर पाळायला नको?

कलमला नियम पुरता ठाऊक होता. ती क्षणभर बसून राहिली. मग तीही उठली, कारण कोणत्याच कलमाखाली आईला एकटं पाठवता येत नव्हतं. धाकटी नवऱ्याकडे न बघता उठली. लांबच्या लांब बाकावर एकटा धाकटा उरला, हातात गुंडाळी घेऊन, सगळ्या सभागृहासमोर. त्याचं तिथं ऐकणं गरजेचं होतं. त्याचाच अर्ज होता. तरी दार पुन्हा लागायच्या आत तोही बाहेर आला.

*

बाहेरच्या व्हरांड्यात एकच बाक होतं. थोरली त्याच्या टोकाला बसली होती. सगळं घर एकामागून एक दारातून येताना बघून तिला आधी काही कळेना.

"तुम्ही सगळे का आलात?"

"आईला विचार," कलम म्हणाली. "नियमावलीची नवीन आवृत्ती काढलीय तिनं."

धाकटीला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही. ती थोरलीच्या शेजारी बसली, अगदी चिकटून, आणि म्हणाली की जाऊबाई, थोडं सरका. बाक चौघींना पुरत नव्हतं तरी चौघी बसल्या. धाकटा त्यांच्याकडे पाठ करून समोरच्या खिडकीशी उभा राहिला. खिडकीतून उतार दिसत होता, होडीच्या पोटाशी शिडी लावून रंगारी काम करत होता. आज काय ठरतंय याची त्याला वार्ता नव्हती, किंवा असूनही ब्रश थांबवून उपयोग नव्हता.

आतून आवाज येत होते, शब्द नाहीत.

"गेलं यार्ड," धाकटा खिडकीकडे बघत म्हणाला. "दोन विरुद्ध तीन. मला मेट्रनबाईंनी एक शब्द दिला असता तर."

सकाळी जे ओठांवरून मागे गेलं होतं ते मोठ्याईंच्या तोंडून आता आलं, आणि त्यांच्या नेहमीच्या मऊ आवाजातच आलं.

"तो शब्द तुझाच होता बाळा. तूच तो तिला दिला होतास, आमच्या सगळ्यांदेखत. आज तिनं तो तुझ्यासाठी वापरला असता तर तुझं यार्ड राहिलं असतं आणि तू म्हणाला होतास तेही खरं झालं असतं. तिनं नाही वापरला. त्याचा राग कशाला करतोस?"

धाकट्याची पाठ हलली नाही. थोरलीनं सासूच्या मनगटावर बोटं ठेवली, सवयीनं, नाडी बघायला.

"मी काही मोठं केलं नाही, आई," ती म्हणाली. "उठेपर्यंत माझं ठरलं नव्हतं. ते म्हणाले, आपण मानत नसाल तर. आणि मला वाटलं, नाही म्हटलं तर उद्या सकाळी कुठल्या नात्यानं जिना चढू? बीपी बघायला तर कुणीही नर्स येईल."

कलमनं डोळे पुसले आणि लगेच म्हणाली की कोर्टात हे टिकलं नसतं.

दार उघडलं. शिपायामागून चिटणीसच बाहेर आला, बहुधा एवढी माणसं बाहेर म्हणून. त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. मुदतवाढीचा ठराव दोन विरुद्ध तीन मतांनी नामंजूर. जागा रिकामी करायला वर्षभर. शाळेच्या बाईंनी पुढचा मुद्दा मांडला, की लहान होड्यांना उतार हवाच. तेव्हा पश्चिमेच्या बांधाकडे जागा बघून अहवाल द्यावा, हे मात्र एकमतानं. त्या जागेसाठी कुणालाही अर्ज करता येईल, यार्डालाही. तो हे नेहमीच्या सरकारी सुरात सांगत गेला, पण शेवटी थांबून धाकट्याकडे बघून म्हणाला की अर्ज वेळेत करा.

"तिथं गाळ आहे गुडघाभर," धाकटा म्हणाला.

"मग काय झालं," धाकटी म्हणाली. "इथं तुमच्या आजोबांना काय संगमरवर मिळाला होता?"

एवढं बोलून तिची तीच दचकली. नवऱ्याला भर व्हरांड्यात उलट उत्तर तिनं आजवर दिलं नव्हतं. धाकटा वळला. चेहरा ओढलेला होता, दाढीत रंगाचा निळा ठिपका होता. सकाळपासून कुणी त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. गुंडाळी खिडकीत ठेवून दिली.

चिटणिसानं घसा साफ केला. पुढचा विषय गाळ उपशाचा, मेट्रनबाईंनी आत यावं.

"गाळाचाच?" कलम म्हणाली. "पश्चिमेचा असेल तर वहिनी, तू परत बाहेरच."

"बसेन की," थोरली म्हणाली. "बाक बरं आहे."

ती उठली, पदर सारखा केला आणि दाराकडे निघाली. चिटणीस दार धरून उभा होता. तिचा चष्मा बाकावरच राहिला होता, धाकटीच्या आणि मोठ्याईंच्या मधे. दोघींनी तो पाहिला आणि दोघींपैकी एकीनंही हात लावला नाही.

धाकट्यानं तो उचलला. सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या, आधी एक, मग दुसरी, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"वहिनी," तो म्हणाला. "तुझा चष्मा."

थोरली थांबली. परत फिरून तिनं चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं, जवळून, ताप बघावा तसं. मग अंगठ्यानं त्याच्या दाढीतला निळा ठिपका पुसायचा प्रयत्न केला. तो वाळला होता, निघाला नाही. टर्पेंटाइन लागेल म्हणाली, आणि आत गेली.

दार पुरतं लागलं नाही. फटीतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग एक शिंक, आणि मग चिटणिसाचा तो सर्दीनं बसलेला आवाज: सदस्य परत आल्या, अशी नोंद घेतली.

मोठ्याईंनी मान डोलवली. इतिवृत्त बरोबर होतं.